सौर पंपावर ठिबक : पंगत मोठी बसवू नका



सौर पंपाच्या दाबाविषयी आपण रेडिओवर बोललो, पण त्या बोलण्यात आकडे बरेच होते. आकडे कानावरून जातात, कागदावर मात्र राहतात. म्हणून तीच माहिती या पत्रिकेत सविस्तर देत आहोत. ही पत्रिका आखाड्यावर खुंटीला अडकवून ठेवावी आणि कॉक फिरवण्याआधी एकदा नजरेखालून घालावी.

पूर्णा तालुक्यात आता बांधाबांधावर सौर पंपाच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. रात्रपाळीची वीज, अंधारात विंचूकाट्याची भीती आणि ओल्या हाताने स्टार्टर दाबण्याचा धोका यातून पुष्कळ घरे सुटली. ही गोष्ट लहान नाही. पण त्याबरोबर एक तक्रारही गावोगाव ऐकू येते. "साहेब, पाणी तर येतं, पण ठिबकच्या शेवटाला पोचत नाही. सोलरमध्ये दम नाही."

खरोखर दम नाही का? एका शेतातली हकिगत सांगतो, म्हणजे कळेल.

मी आधी काय चुकलो

पूर्णा नदीच्या काठाजवळ एका काकांची अडीच एकर हळद आहे. पूर्वी त्यांच्याकडे विजेची ५ अश्वशक्तीची मोटार होती. त्या मोटारीवर ते एक एकराचे चारही कॉक एकदम उघडत आणि भिजवून मोकळे होत. मग ३ अश्वशक्तीचा सौर पंप आला. कॉक उघडण्याची सवय मात्र जुनीच राहिली. मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा मेन लाईनजवळची हळद हिरवीगार होती आणि टोकाकडची तासे पिवळी पडून पाने गुंडाळत होती.

मी सांगितले, प्लेटा धुवा. त्यांनी धुतल्या. फरक पडला, पण थोडा. पुढच्या फेरीला सांगितले, फिल्टर धुवा. तोही धुतला. टोकाची तासे पिवळीच. तोवर काकांनी मोठ्या पंपाचा भाव काढून ठेवला होता आणि घरात पाटल्या मोडण्याची भाषा सुरू झाली होती. मी दोन फेऱ्या मारल्या, पण एकदाही दाब मोजला नाही. ही माझी चूक.

तिसऱ्या फेरीला दाबाचा काटा बरोबर नेला. सकाळचे १० वाजले होते, चारही कॉक उघडे होते. शेवटच्या नळीला काटा लावला तर तो जेमतेम पाव किलोवर. काकूंनी औषधाचे माप आणले आणि नळीतल्या तोटीखाली तीन मिनिटे धरले. पहिल्या तासात ९० मिलिलिटर पाणी जमले, शेवटच्या तासात ५० सुद्धा भरले नाही. मग चारपैकी दोन कॉक बंद केले. काटा हलला आणि बघता बघता एक किलोच्या जवळ येऊन थांबला. माप पुन्हा धरले, तर दोन्ही टोकांना जवळपास सारखेच पाणी.

काका काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पंप बारका नव्हता साहेब, पंगत मोठी बसवली होती."

बंधूंनो, या पत्रिकेचा सारा अर्थ या एका वाक्यात आहे. आता त्यामागचे कारण समजून घेऊ.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

पाइपातून तासाला किती लिटर पाणी जाते, तो प्रवाह. ते पाणी किती जोराने पुढे ढकलले जाते, तो दाब. ठिबकला दोन्ही लागतात. दाब आपण किलोमध्ये मोजतो. १ किलो दाब म्हणजे पाणी १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंच चढवण्याइतका जोर. साध्या इनलाईन नळीला आपल्या मापाचे पाणी देण्यासाठी १ किलोच्या आसपास दाब हवा.

दाब कमी झाला की तोटीचे पाणीही कमी होते. दाब चौथाईवर आला तर पाणी निम्म्यावर येते. काकांच्या शेतात नेमके हेच घडले. टोकाची झाडे रोज अर्धपोटी राहत होती, आणि नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला वाटायचे की तोटी टपकते आहे, म्हणजे सारे ठीक आहे.

पंपाची ताकद ही पोत्यातल्या धान्यासारखी समजा. तेच धान्य दाबात घाला किंवा प्रवाहात घाला. जास्त कॉक उघडले की प्रवाह वाढतो आणि दाब पडतो. कमी उघडले की दाब वाढतो. दोन्ही मनासारखे मिळायचे, तर ताकद त्या मानाने जास्त लागते.

ऊन निम्मे झाले की काय होते

विजेची मोटार चालू झाली की दिवसभर साधारण एकाच वेगाने फिरते. सौर पंपाचा कंट्रोलर मात्र ऊन बघून मोटारीचा वेग कमी-जास्त करतो. इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

ऊन निम्मे झाले म्हणून पंपाचा वेग निम्मा होत नाही. ढोबळ मानाने तो ८० टक्के राहतो. पाणी ओढण्याची क्षमताही ८० टक्क्यांच्या जवळ राहते. म्हणून विहिरीवर उभ्या माणसाला वाटते, धार तर बरी आहे! पण दाब वेगाच्या दुप्पट चालीने उतरतो. ८० टक्क्यांचे पुन्हा ८० टक्के, म्हणजे ६४ टक्केच दाब उरतो.

आता यात विहिरीची खोली मिळवा. समजा, भर दुपारी तुमचा पंप पाणी ३६ मीटर चढवण्याइतका जोर देतो. विहिरीतले पाणी १२ मीटर खाली आहे आणि शेत २ मीटर उंचावर आहे. म्हणजे १४ मीटर जोर नुसता वर येण्यातच गेला. पाइप, फिल्टर आणि ठिबक यांना २२ मीटर उरले. ऊन निम्मे झाले की ३६ चे २३ मीटर होतात. विहीर मात्र आपले १४ मीटर पुरेपूर घेते, सूट देत नाही. उरले फक्त ९ मीटर. ऊन निम्मे झाले, पण शेताला मिळणारा जोर निम्म्याहूनही खाली गेला.

वेग आणखी उतरून निम्म्यावर आला तर जोर चौथाई होतो, म्हणजे ९ मीटर. वर यायलाच १४ हवेत. तेव्हा मोटार आतल्या आत फिरते, आवाज येतो, पण पाणी वर येत नाही. सकाळी लवकर किंवा दाट ढगात असे झाले तर पंप बिघडला असे समजू नका.

पाणी दुप्पट, ताकद पावणेतीन पट

काकांच्याच शेताचा हिशेब मांडू. नळ्या ५ फुटांवर, तोट्या ४० सेंटीमीटरवर, प्रत्येक तोटी तासाला २ लिटरची. अशा एका एकराला तासाला सुमारे १३,५०० लिटर पाणी लागते. त्यांनी एकराचे १०-१० गुंठ्यांचे चार भाग केले आहेत. म्हणजे एका भागाला तासाला सुमारे ३,४०० लिटर. मेन लाईन ६३ मिलिमीटरची, लांबी २०० मीटर.

दोन भाग उघडले तर विहीर, पाइप, फिल्टर आणि ठिबक मिळून सुमारे २८ मीटर जोर लागतो. तीन भाग उघडले तर ३२ मीटर. चारही उघडले तर ३८ मीटर. कारण पाइपातून पाणी जितके जास्त, तितके घर्षण जास्त. पाणी दुप्पट झाले की घर्षण जवळपास चौपट होते.

सेकंदाला १ लिटर पाणी १० मीटर चढवायला सुमारे १०० वॅट ताकद लागते, हे माप पाठ करून ठेवा. त्या मापाने :

दोन भागांना सुमारे ५२५ वॅट,
तीन भागांना सुमारे ९०० वॅट,
चार भागांना सुमारे १,४२५ वॅट.

बघा, दोनाचे चार भाग केले तर पाणी दुप्पट झाले, पण ताकद पावणेतीन पट लागली. शिवाय पंप, मोटार आणि कंट्रोलर यांत काही ताकद वाया जाते. म्हणून प्लेटांकडून याच्या दुपटीहून थोडी जास्त ताकद हवी. म्हणजे दोन भागांना सुमारे १,२०० वॅट, तीन भागांना २,००० वॅट आणि चार भागांना ३,००० वॅटच्या वर.

३ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३,००० वॅटच्या प्लेटा असतात. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आणि पूर्ण उन्हाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात प्लेटा ६० अंशांच्या वर तापतात आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के ताकद घटते. त्यात धूळ. भर दुपारीही ३,००० चे सव्वादोन हजार वॅट मिळाले तरी चांगले म्हणावे. आता सांगा, चारही कॉक एकदम उघडून कसे चालेल? दुपारी तीन चालतील, सकाळी दोनच.

जुन्या माणसांना पूर्णा जंक्शनवरची वाफेची इंजिने आठवत असतील. इंजिन तेच, पण डबे किती जोडायचे ते पुढचा चढ बघून ठरायचे, आणि ड्रायव्हरची नजर सतत वाफेच्या काट्यावर असायची. आपणही तसेच करायचे. काटा बघून कॉक उघडायचे.

पंप बदलता येत नाही, शेत वाटता येते

२०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप असे ठरले. म्हणजे पंपाचे माप जमिनीवरून ठरते. तुमची विहीर किती खोल आणि मेन लाईन किती लांब, हे त्यात येत नाही. म्हणून पंपाच्या मापाने शेताचे भाग पाडणे आपल्याच हातात उरते.

भाग लहान ठेवावेत. १०-१० गुंठ्यांचे भाग केले, तर ऊन बघून दोन, तीन किंवा एक असे जोडता येतात. एक एकराचा एकच कॉक असेल तर 'उघडा नाही तर बंद' याशिवाय मार्ग राहत नाही. चार कॉक आणि थोड्या पाइपाचा खर्च नव्या पंपापुढे काहीच नाही.

दिवसाला ४ मिलिमीटर पाणी धरले तर एकराला १६ हजार लिटर होतात. वर सांगितलेल्या ठिबकवर प्रत्येक भागाला त्यासाठी सव्वा तास पुरतो. अडीच एकराच्या १० भागांची पाळी अशी लावता येईल :

सकाळी ९ ते १०.१५ : दोन भाग.
१०.१५ ते ११.३० : दोन भाग.
११.३० ते १२.४५ : तीन भाग.
१२.४५ ते २ : तीन भाग.

दोन वाजेपर्यंत दहाही भाग भिजले. त्यानंतरचे ऊन ढगाळ दिवसाची भरपाई म्हणून हाताशी राहते. थंडीत ऊन उशिरा चढते, तेव्हा पाळी अर्धा तास पुढे न्यावी. पहिल्या पाळीला रोज तेच भाग धरू नका. आज सकाळी जे भाग भिजवले ते उद्या दुपारी घ्या, म्हणजे कमी-जास्त सर्वांच्या वाट्याला सारखे येईल.

काटा आणि माप : दोन साधी साधने

दाबाचे काटे फिल्टरच्या आधी आणि नंतर बसवावेत. एक काटा सुटा ठेवावा, तो नळीच्या टोकाला लावून बघता येतो.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या काट्यांतला फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर धुवावा. नदीचे किंवा कालव्याचे पाणी घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात गाळ जास्त असतो. चोंदलेला फिल्टर ५ मीटर जोर गिळतो. एवढ्या जोरावर पाणी सुमारे तीन पुरुष उंच चढते, ध्यानात घ्या.

दुसरे साधन म्हणजे औषधाचे माप. २ लिटरच्या तोटीखाली ३ मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. ४ लिटरची तोटी असेल तर २००. पहिल्या तासाचे आणि शेवटच्या तासाचे पाणी मोजावे. १०० ला ९० भरले तर चालेल. ७०-८० वर आले तर एक कॉक बंद करून पुन्हा मोजावे. पाणी वाढले तर पंगत मोठी होती. वाढले नाही तर नळी चोंदली आहे, ती टोकाकडून उघडून धुवावी.

दाब फार वाढला तर

उलट घोटाळाही होतो. भर दुपारी एकच कॉक उघडा राहिला तर दाब इतका चढतो की नळ्या निसटतात, सांधे उडतात. म्हणून नवा कॉक आधी उघडावा आणि जुना नंतर बंद करावा. कॉक सावकाश फिरवावा, झटका देऊ नये. फिल्टरच्या आधी एक बायपास ठेवावा आणि त्याचे पाणी परत विहिरीत किंवा शेततळ्यात सोडावे. पण बायपास रोजच उघडा ठेवावा लागत असेल, तर ऊन फुकट जाते आहे असे समजावे. अशा वेळी एक भाग वाढवावा.

काहीजण म्हणतात, पाणी टाकीत साठवू आणि तिथून ठिबकला सोडू. टाकी जमिनीपासून ३ मीटर उंच असली तरी दाब ०.३ किलोच मिळतो. तेवढ्यावर लांब नळीचे शेवट भिजणार नाही. शेततळे साठवणीला उत्तम, पण तिथून ठिबकला दाब पुन्हा पंपानेच द्यावा लागतो.

पाइप, सावली आणि विहीर

नवी मेन लाईन टाकणार असाल तर पाइपात काटकसर करू नका. तासाला १० हजार लिटर पाणी १०० मीटर न्यायचे तर ५० मिलिमीटरच्या पाइपात सुमारे ६ मीटर जोर घर्षणात जातो, ६३ च्या पाइपात सुमारे २ मीटर आणि ७५ च्या पाइपात १ मीटरच्या आत. पाइपाचे पैसे एकदाच जातात, घर्षण रोज खाते.

प्लेटांवर सावली पडू देऊ नका. एका कोपऱ्यावर लिंबाची फांदी किंवा केळीचे पान आले, तरी त्या ओळीतल्या सगळ्या प्लेटांची ताकद घटते. धूळ सकाळी लवकर, प्लेटा थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. हळद शिजवण्याची भट्टी प्लेटांपासून दूर लावावी, धुराची काजळी काचेवर बसते.

आणि विहीर! पावसाळ्यानंतर जो हिशेब बसतो तो चैत्र-वैशाखात बसत नाही. पाणी ५ मीटर खाली गेले की अर्धा किलो दाब गेला. तेव्हा माप पुन्हा धरावे आणि गरज पडली तर तीनाचे दोन भाग करावेत.

थोडक्यात

१. सकाळी दोन, दुपारी तीन, अशी उन्हाप्रमाणे पंगत बसवा. तुमचा आकडा तुमचा काटा सांगेल.

२. शेताचे लहान भाग पाडा, प्रत्येकाला वेगळा कॉक ठेवा.

३. आठवड्यातून एकदा शेवटच्या तासाचे पाणी मापाने मोजा.

४. फिल्टरच्या काट्यांत अर्ध्या किलोचा फरक पडला की फिल्टर धुवा.

५. आधी नवा कॉक उघडा, मग जुना बंद करा.

६. मोठ्या पंपाचा विचार करण्याआधी दाब मोजा.

त्या काकांनी नवा पंप घेतला नाही. पाटल्या मोडल्या नाहीत. पाळी बदलली आणि टोकाच्या तासांना पुढे नवी हिरवी पाने आली. जी पाने आधीच वाळली होती त्यांचे नुकसान मात्र भरून निघाले नाही, शेवटच्या चार तासांत गड्डे बारीक निघाले. ते नुकसान मी पहिल्याच फेरीला काटा नेला असता तर टळले असते. म्हणूनच एवढे लांबण लावले.

उद्या सकाळी ऊन चढले की काकूंसारखे औषधाचे माप घ्या आणि शेवटच्या तासात जाऊन बसा. तीन मिनिटांचेच काम आहे. किती पाणी भरले ते कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा. विहिरीची खोली, मेन लाईनची लांबी आणि पंपाची अश्वशक्ती लिहायला विसरू नका, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल.

राम राम.